गंजिफेचे राजे: पात्रवर्गांची घडण आणि फेररचना

गंजिफेच्या जोडात प्रत्येक रंगाची बारा पाने असतात: एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी दहा मोजणीची पाने. रंग आठ असोत, दहा असोत की बारा, ही चौकट बहुतेक ठिकाणी तशीच राहते. बदलतो तो राजा. कुठे तो हत्तींचा स्वामी असतो, कुठे टांकसाळीचा धनी, कुठे प्रत्यक्ष नृसिंह. राजा बदलला की त्याचा प्रधान बदलतो आणि हाताखालची दहा पानेही बदलतात. इस्पिक आणि बदाम यांच्यात चिन्हापलीकडे काही फरक नाही. गंजिफेतला रंग मात्र एका पात्राचा सबंध परिवार असतो.

कल्पित जगातल्या भूमिका घेऊन टेबलाभोवती खेळायच्या आधुनिक खेळांत ‘पात्रवर्ग’ म्हणतात ते याच जातीचे आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक असे तीनच वर्ग होते. पुढे वर्ग वाढले, काही गळाले, काहींचे नियम मुळापासून पुन्हा लिहिले गेले. दर आवृत्तीत तेच प्रश्न पुढे आले: वर्ग किती असावेत, ते एकमेकांहून कशाने वेगळे ठरावेत, आणि वेगळे असूनही तुल्यबळ कसे राहावेत. हे प्रश्न भारतातल्या पत्ते बनवणाऱ्यांनी आणि खेळणाऱ्यांनी शतकानुशतके हाताळलेले आहेत. त्यांची उत्तरे सावंतवाडीच्या गोल पानांवर आजही पाहता येतात.

भारतातला गंजिफेचा सर्वांत जुना ठळक उल्लेख बाबराच्या आठवणींत सापडतो. १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनला, त्याला आवड आहे म्हणून, गंजिफा पाठवली. त्या काळी इराणात आठ रंगांचा जोड रूढ होता. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला शिराझचा कवी अहली याने या जोडातल्या पानांवर रुबाया रचल्या आहेत. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे ते आठ रंग. मुकुट, रुपेरी नाणे, तलवार, सेवक, वाद्य, सोन्याचे नाणे, हुकूमनामा आणि व्यापारी माल एवढी ती सृष्टी आहे. हा दरबार आणि त्याची खाती झाली. महाराष्ट्रात हाच शहाण्णव पानांचा जोड चंगकांचनी म्हणून ओळखला गेला.

फेररचनेची पहिली तपशीलवार नोंद अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त केली. जुन्या जाणत्यांनी बाराचा आकडा पायाला धरला, पण बारा राजे बारा तऱ्हेचे असावेत हे त्यांच्या ध्यानात आले नाही, असा त्याचा आक्षेप आहे. पात्रवर्गांच्या रचनेवर एवढी नेमकी टीका त्या काळात दुसरीकडे सापडणे अवघड. नावे बारा आहेत, पण बाराही राजे सारखेच सिंहासनावर बसलेले असतील तर ते वर्ग नव्हेत, क्रमांक आहेत.

अकबर ज्या जोडाने खेळत असे त्यात हा दोष काढलेला दिसतो. अश्वपती हा दिल्लीच्या बादशहासारखा घोड्यावर बसलेला, आणि त्याच्या दहा पानांवर एक ते दहा घोडे. गजपतीचे बळ हत्तींत. त्याचा नमुना ओडिशाचा राजा. नरपतीचे बळ पायदळात, आणि तिथे विजापूरच्या सुलतानांचे उदाहरण दिले आहे. त्यानंतर किल्ल्यांचा गढपती, खजिन्याचा धनपती, चिलखती वीरांचा दलपती, नौकांचा नवपती. आठव्या रंगात राजाच्या जागी राणी आहे, प्रधानही स्त्री आहे आणि दहा पानांवर स्त्रियाच आहेत. इथवरचे जग माणसांचे. पुढच्या चार रंगांत ते मागे पडते: देवांचा सुरपती इंद्र, जिनांवर सत्ता चालवणारा सुलेमान, वन्य पशूंचा बनपती आणि सर्पांचा अहिपती. बनपतीचा प्रधान बिबट्या आहे. अहिपतीचा प्रधान एका सापावर स्वार झालेला दुसरा साप आहे. मनुष्य, देव, जिन, श्वापद आणि नाग एकाच फडावर एकमेकांशी झुंजतात असा हा खेळ होता. त्याला अद्भुतरसाचा खेळ म्हणायला काहीच हरकत नाही.

या बारांतल्या प्रत्येकाची ओळख एकाच प्रश्नाच्या उत्तरातून येते: याचे सामर्थ्य कशात आहे? घोड्यांत, किल्ल्यांत, पैशात की विषात? हा प्रश्न एकदा पक्का केला की नवा राजा सुचायला वेळ लागत नाही. तो सुचल्याबरोबर त्याची दहा पानेही आपोआप ठरतात, कारण सामर्थ्य जे असेल तेच मोजायचे.

अकबर इथे थांबला नाही. त्याने काही रंगांत आणखी फेरबदल केले आणि ते फार वेगळ्या दिशेचे होते. धनपतीचेच पान पाहावे. राजा पैसे वाटतो आहे, प्रधान खजिना तपासतो आहे, आणि खालच्या दहा पानांवर मोहरांचे हंडे नसून माणसे आहेत: जवाहिऱ्या, धातू वितळवणारा, तुकडे कापणारा, तोलणारा, नाणे पाडणारा, मोहरा मोजणारा. जुन्या आठ रंगांपैकी बरातच्या रंगात राजा फर्माने पाहतो, प्रधान दफ्तर पुढ्यात घेऊन बसला आहे, आणि हाताखाली कागद बनवणारा, नोंदी करणारा कारकून, नक्षी काढणारा, पानावर निळ्या-सोनेरी रेघा मारणारा, फर्मान लिहिणारा, पुस्तके बांधणारा. चंगच्या रंगात वादक, शमशेरच्या रंगात शस्त्रे घडवणारे आणि पाजळणारे. गुलामांच्या रंगात तर काही सेवक बसलेले, काही लोटांगण घातलेले, काही झिंगलेले आणि काही शुद्धीवर असलेले दाखवले आहेत.

चित्र म्हणून ही कल्पना अप्रतिम आहे. एका साम्राज्याचे कारखाने हातात मावतील एवढ्या पानांवर उतरतात, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला त्या काळच्या कारागिरांची यादीच मिळते. खेळ म्हणून मात्र तिच्यात मोठी अडचण आहे. चार घोडे दिसले की ते पान चौथे, हे मुलालाही कळते. पण पुस्तके बांधणारा मोठा की कागद बनवणारा? सातवा कोण आणि आठवा कोण? डोळ्यांनी मोजता येणारी गोष्ट आता पाठ करावी लागते. पात्र जितके तपशीलवार झाले तितकी त्याची किंमत नजरेआड गेली. पुढच्या काळातल्या आठरंगी जोडांत मोजता येणारी चिन्हेच पुन्हा दिसतात आणि माणसे राजा-प्रधानांच्या दोन पानांपुरती उरतात, ती उगीच नव्हे.

दशावतारी गंजिफेने ही शिकवण पूर्णपणे पाळली. यात दहा रंग आणि एकशेवीस पाने असतात. राजाच्या पानावर अवतार विराजमान असतो, प्रधान सहसा घोड्यावर असतो, आणि मोजणीच्या पानांवर त्या अवताराची खूण असते: मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू, कृष्णाची गाय, कल्कीची तलवार. काही खुणा प्रदेशानुसार बदलतात. रामाच्या पानावर कुठे बाण येतात, तर कुठे वानर. नववा अवतारही सगळीकडे एक नाही; ओडिशात त्या जागी जगन्नाथ दिसतो. पण मासे पाच असतील तर ते पान पंजीचे, यात कुठेही बदल नाही.

दरबार जाऊन अवतार आले, तेव्हा खेळाला एक मोठा फायदा झाला. दहा अवतारांचा क्रम घरोघरी पाठ असतो, त्यामुळे नवख्या खेळाडूला रंग शिकवावे लागत नाहीत. गंजिफा मुख्यतः स्मरणशक्तीचा खेळ आहे. तिघे खेळतात, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात, आणि कोणत्या रंगातले कोणते मोठे पान पडून गेले हे ध्यानात ठेवणारा जिंकतो. डोक्यावर एवढा भार असताना रंगांची नावे तरी आयती असणे फार मोलाचे आहे. आधुनिक खेळांत योद्धा, जादूगार, चोर हेच वर्ग पुन्हा पुन्हा येतात त्याचे कारणही हेच. खेळणाऱ्याने गोष्टींतून त्यांना आधीच ओळखलेले असते.

आता तुल्यबळतेचा प्रश्न. दहाही रंगांची चौकट सारखी, म्हणजे कोणीच वरचढ नाही. पण मग मत्स्य आणि कल्की यांच्यात खेळताना फरक काय उरला? इथे गंजिफेची सर्वांत चतुर युक्ती दिसते. निम्म्या रंगांत दश्शी मोठी असते आणि एक्का सर्वांत लहान; उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा, एक्का मोठा आणि दश्शी लहान. राजा आणि प्रधान दोन्हीकडे सर्वांच्या वरच राहतात. ही वाटणी आठरंगी जोडातही आहे. अबुल फझलने बारा रंगांचे असेच दोन गट सांगितले आहेत: पहिले सहा बिशबर, पुढचे सहा कमबर. एकही नवे पान नाही, एकही जास्तीचा नियम नाही, आणि तरीही प्रत्येक पान हातात घेताना खेळाडूला थांबून विचार करावा लागतो: हे कोणत्या बाजूचे?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ला याच जागी ठेच लागली. २००८च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्या वर्गांना एकाच साच्यातली सामर्थ्ये दिली गेली: काही वाटेल तेव्हा वापरायची, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. जुन्या आवृत्त्यांत जादूगार पुढे पुढे योद्ध्याला फार मागे टाकत असे; तो असमतोल यामुळे बराच निवळला. मात्र सगळे वर्ग हाताला सारखेच लागतात, ही तक्रार खेळणाऱ्यांकडून सतत आली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने साचे पुन्हा वेगळे केले. तिथे एकाच योद्धावर्गात फारसे निर्णय घ्यावे न लागणारा एक उपवर्ग आहे आणि पावलोपावली निर्णय घ्यायला लावणारा दुसरा. गंजिफेचा उलटा क्रम समतोल आणि वेगळेपणा ही दोन्ही कामे एकाच वेळी करतो. खेळ रचणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा खेळून पाहावा असा आहे.

वर्गांना वेगळेपण देण्याची आणखी एक रीत गंजिफेत आहे. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा, त्याची पहिली उतारी. दिवेलागणीनंतर तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. आठरंगी जोडात दिवसा सुर्ख आणि रात्री सफेद, म्हणजे सूर्य आणि चंद्र. बंगालमधल्या विष्णुपुरात तर पावसालाही जागा आहे; तिथे पावसाळी दिवशी वेगळा अवतार डाव उघडतो. रंगाचे बळ वाढत नाही, पण त्याला स्वभाव मिळतो आणि फडाबाहेरचे जग खेळात शिरते.

सावंतवाडीत ही परंपरा अठराव्या शतकापासून रुजली, आणि तिथे ती चितारी कारागिरांच्या हाती आली. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वर लेप देऊन घोटायचे, गोल कापायचे, मग बारीक कुंचल्याने रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा, अशी ही कृती. पानांची पाठ एकरंगी असते. भरगच्च, सोनेरी वेलबुट्टीच्या कामाला दरबारी कलम म्हणतात आणि मोजक्या फटकाऱ्यांच्या स्वस्त कामाला बाजार कलम. दोन्हींची तुलना उद्‌बोधक आहे. बाजार कलमातला राजा चार-पाच रेषांत उरकलेला असतो, तरी तो वराह की नृसिंह याविषयी शंका राहत नाही. पात्र किती कमी खुणांवर उभे राहू शकते, याची ती कसोटीच आहे.

यंत्रावर छापलेले स्वस्त बावन्न पत्ते आले आणि गंजिफा मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्यावर सावंतवाडीत ही कला जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले आणि ती पुन्हा उभी केली. मुंबईत राहणारे कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडेन यांनी याच काळात देशभरच्या गंजिफांचा अभ्यास केला. आज सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन आहे आणि राजवाड्यात नवे जोड रंगवले जातात. दुर्दैवाने ते विकत घेणारे बहुतेक जण भिंतीवर लावण्यासाठी घेतात. खेळायला बसणारे फार थोडे.

रंग वाढवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग म्हैसूरला झाला. तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांनी तेरा नवे खेळ रचले. त्यांतल्या चामुंडेश्वरी खेळात सोळा रंग आणि ३२० पाने आहेत. जगन्मोहन खेळात अठरा रंग आणि ३६० पाने. बारा पानांची चौकटही त्यांनी मोडली: या दोन्ही खेळांत एका रंगाला वीस पाने, आणि चित्रांची पाने राजा-प्रधानांपुरती राहिली नाहीत. कल्पनेची ही झेप पाहून थक्क व्हायला होते. पण ३६० पाने तिघांत वाटली तर प्रत्येकाकडे एकशेवीस येतात, म्हणजे एकेका खेळाडूच्या हाती अख्खी दशावतारी गंजिफा. हे खेळ राजवाड्याबाहेर फारसे रुजले नाहीत.

नवा वर्ग घातला की जुन्यांवर काय परिणाम होतो, हे समजायला नाशिक जिल्ह्यातला बोहाडा उपयोगी पडतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी पट्ट्यात उन्हाळ्यात रात्रभर मुखवटे घालून सोंगे नाचवली जातात. संबळ आणि पिपाणीच्या तालावर आधी गणपती येतो, मोरावर सरस्वती येते, मग मारुती, त्राटिका, रावण अशी सोंगे एकामागून एक, आणि अखेरीस जगदंबा महिषासुराला मारते. सोंगे पाळीपाळीने येत असल्यामुळे एखादे वाढले तरी बाकीच्यांचे काही बिघडत नाही. फार तर पहाट थोडी लवकर झाल्यासारखी वाटते. फडावरच्या खेळात तसे होत नाही. अकरावा रंग घातला की पानांची संख्या १३२ होते, प्रत्येकाचा हात चव्वेचाळीस पानांचा होतो, डाव लांबतो आणि दोन सारखे गट पाडता येत नाहीत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये १९७५ साली चोराचा वर्ग आला तेव्हाही हेच घडले. भिंत चढणे, दबकत जाणे, कुलूप उघडणे या गोष्टी तोवर कोणीही करून पाहत असे. चोराच्या नावावर त्या लिहिल्या गेल्या आणि इतरांच्या हातून निसटल्या.

या सगळ्या कसोट्या एकत्र लावून पाहण्यासाठी नाशिकचा दशरंगी जोड कल्पनेने रचून पाहता येईल. राजे शोधायला दूर जावे लागत नाही. पंचवटीचा राम, त्र्यंबकराज, वणीची सप्तशृंगी, अंजनेरीचा मारुती आणि बोहाड्यातली सरस्वती हे पाच. निवृत्तिनाथ, बोहाड्यातलाच रावण, तांबट, द्राक्षबागाईतदार आणि लासलगावकडचा कांदा पिकवणारा हे दुसरे पाच. देव, राक्षस आणि कष्टकरी एका फडावर येण्यात काही वावगे नाही. अकबराच्या जोडातही इंद्र आणि पायदळ शेजारी शेजारी होते.

खुणा ठरवताना हात आखडता घ्यावा लागतो. रामाला बाण आणि सप्तशृंगीला त्रिशूळ दिला तर छोट्या गोल पानावर, आठ-आठच्या दाटीत, दोन्ही सारखेच दिसतील. म्हणून बाण राहू द्यावा आणि देवीला शिखर द्यावे. तिचा गडच सात शिखरांचा. द्राक्षांचा घोस सुंदर, पण दहा घोस म्हणजे शंभर मणी, मोजणार कोण? त्याऐवजी द्राक्षवेलीचे पान घेतले तर ते त्र्यंबकराजाच्या बेलपानाशी घोटाळा करील, कारण दोन्ही हिरवी. तेव्हा बागाईतदाराला जांभळा मणी एकेकटाच द्यावा. कांदा लाल, शेंडीसकट. तोही गोल असला तरी शेंडीने ओळखू येतो. तांबटाला हंडा, मारुतीला गदा, सरस्वतीला मोर, निवृत्तिनाथांना वारकऱ्यांची पताका. दिवसाची उतारी रामाची, हे उघड आहे. बोहाडा रात्रीचा आणि त्याचा शेवट देवीचा, म्हणून रात्रीची उतारी सप्तशृंगीच्या राजपानाकडे.

राहिला उलटा क्रम. दश्शी मोठी असलेल्या गटात जितके जास्त तितके चांगले असे रंग यावेत: हंडे, मणी, कांदे, दिंडीतल्या पताका. रावण तर याच गटाचा, कारण त्याची खूण शीर, आणि दहा शिरे झाली की तो पुरा होतो. एक्का मोठा असलेल्या गटात एकातच सारे आले असे रंग शोभतात. राम एकबाणी, म्हणून त्याचा एक्का दश्शीच्या वर. शंकराला एक बेलपान पुरते. मारुतीला एक गदा पुरे, सरस्वतीला एक मोर. सप्तशृंगीचे एकच शिखर श्रेष्ठ मानायचे की सात, हा वाद खेळणाऱ्यांत होईल. पण दोन्ही गटांत पाच-पाच रंग बसवायचे असल्याने तिला याच गटात राहावे लागते. पाने १२०, खेळाडू तिघे, प्रत्येकी चाळीस.